आधी गच्चीवर जा: नागपुरात हवेतून इंटरनेट घेणाऱ्यांसाठी

आमच्या ले-आउटमध्ये सिमेंट रस्त्याचं काम निघालं तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर होतं, एक घरासाठी आणि एक धंद्यासाठी. एक बंद पडलं तरी दुसरं चालेल, असा साधा हिशोब. जेसीबीचा दात नालीच्या कडेनं एकदाच खाली गेला आणि एका मिनिटाच्या आत दोन्ही डब्यांवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला. खड्ड्याशी जाऊन पाहिलं तर दोन्ही कंपन्यांच्या काळ्या केबली एकाच पाइपातून गेलेल्या होत्या. बिलं दोन, वाट एकच. चार दिवस काम ठप्प. त्याच चार दिवसांत पलीकडच्या फ्लॅट स्कीममधल्या काकूंच्या मुलीचे ऑनलाइन क्लास मात्र सुरळीत चालू होते, कारण त्यांच्या गच्चीवर एक पांढरा डबा लावलेला होता आणि त्याची वाट रस्त्याखालून जातच नव्हती.

तेव्हापासून मी हवेतून येणाऱ्या इंटरनेटचा नीट अभ्यास केला, स्वतःकडे लावलं, नातेवाइकांकडे लावून दिलं, आणि बऱ्याच चुकाही केल्या. बेसा, पिपळा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाठोडा, कोराडी रोड अशा वाढत्या वस्त्यांत राहणारे लोक मला हेच विचारतात: फायबर येत नाही, किंवा आलं तरी टिकत नाही, तर दुसरं काय? हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला तांत्रिक काही येत नसेल तरी चालेल. एकच लक्षात ठेवा. या जोडणीचा निकाल प्लॅनच्या कागदावर लागत नाही, तुमच्या गच्चीवरून काय दिसतं त्यावर लागतो. म्हणून पैसे भरायच्या आधी जिना चढा.

फायबर मिळत असेल तर

मिळत असेल आणि बिघाड दिवसभरात दुरुस्त होत असेल, तर मुख्य जोडणी म्हणून फायबरच घ्या. काचेच्या धाग्यात बाहेरचा गोंगाट शिरत नाही. घरोघरी येणाऱ्या नेहमीच्या फायबरमध्ये एका धाग्यावर खाली येणारा वेग अडीच गीगाबिटच्या आसपास असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. हवेतल्या जोडणीला एवढी ऐसपैस जागा मिळत नाही.

हवेची जोडणी तीन ठिकाणी खरी कामाची आहे. जिथे फायबर पोहोचलेलंच नाही तिथे. जिथे रस्ता वारंवार खोदला जातो तिथे. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: फायबर असतानाच जोडीला, राखीव म्हणून. दुसरी वाट खरोखर वेगळी असेल तरच ती दुसरी. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबलींना मी दोन जोडण्या मानत नाही.

दोन जाती आहेत, गल्लत करू नका

दुकानात आणि गल्लीत 'एअरफायबर', 'डिश', 'रेडिओ' हे शब्द सरमिसळ वापरतात. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे मोठ्या मोबाइल कंपन्यांची ५जी वर चालणारी सेवा. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि एअरटेलनं ज्या पहिल्या आठ शहरांत ते आणलं त्यात नागपूर होतं. घरच्या इंटरनेटसाठी त्याचा वापर पुढच्या वर्षी आला: एअरटेलनं ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईपासून सुरुवात केली, जिओनं १९ सप्टेंबर २०२३ ला गणेश चतुर्थीच्या दिवशी आठ महानगरांपासून, आणि नंतर ती सेवा इतर शहरांत पसरली. यात गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसतो, तो जवळच्या मोबाइल टॉवरशी बोलतो, आणि तिथून एक वायर घरातल्या राउटरपर्यंत येते. त्या टॉवरवर आसपासचे सगळे मोबाइलही असतात, त्यामुळे रात्री आठ ते दहा गर्दी जाणवते.

दुसरी म्हणजे स्थानिक इंटरनेट देणाऱ्यांची रेडिओ लिंक. त्यांच्या एखाद्या उंच इमारतीवर मोठा अँटेना असतो, तुमच्या गच्चीवर ताटलीएवढा छोटा, आणि दोघं एकमेकांकडे रोखून बसलेले असतात. हे बहुतेक ५ गीगाहर्ट्झ वारंवारतेच्या खुल्या, म्हणजे परवाना न लागणाऱ्या, पट्ट्यात चालतं. याच जातीत तुम्ही स्वतःच्या दोन इमारती जोडू शकता: घर आणि दुकान, कारखाना आणि गोदाम.

पहिल्या जातीला समोरचं अगदी स्वच्छ दिसणं सक्तीचं नाही. भिंतीवरून परतून येणाऱ्या लहरींवरही ती बऱ्यापैकी चालते. दुसरीला मात्र सरळ नजरेची वाट लागतेच, तिथे तडजोड नाही.

गच्चीवर अर्धा तास

सकाळी आठच्या आत जा. मे महिन्यात तर त्यानंतर नकोच. नागपूरनं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलं आहे, आणि दुपारी लोखंडी पाइप हातात धरवत नाही.

५जी सेवा घ्यायची असेल तर त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन सोबत न्या. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या माहितीत सिमची स्थिती दिसते, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, लिहिलेला असतो. तो उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन मिनिटं थांबून आकडा वहीत लिहा. उणे ८० ते ९० मिळालं तर उत्तम. उणे १०५ च्या खाली घसरत असेल तर त्या कोपऱ्याचा नाद सोडा. एकाच गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या एका बाजूला उणे ८८ आणि दुसऱ्या बाजूला उणे १०४ मी स्वतः पाहिलं आहे. हजार लिटर पाणी लहरींना चांगलंच अडवतं. हेच आकडे रात्री नऊला पुन्हा घ्या आणि त्या वेळी फोनवर वेगही तपासा. पिनकोड टाकल्यावर वेबसाइटनं 'उपलब्ध आहे' म्हटलं, तर ते तुमच्या भागाबद्दल बोलते, तुमच्या कोपऱ्याबद्दल नाही.

रेडिओ लिंक घ्यायची असेल तर सेवा देणाऱ्याचा टॉवर नेमका कोणत्या इमारतीवर आहे ते आधी विचारून घ्या. फोनमधल्या नकाशावर त्या ठिकाणापर्यंत सरळ रेषेचं अंतर मोजा आणि होकायंत्रानं दिशा काढून त्या बाजूला बघा. इमारत डोळ्यांना दिसली पाहिजे. दुर्बीण असेल तर न्या. मामेभावाच्या गच्चीवर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याला विचारलं, "दिसते का रे?" तो म्हणाला, "दिसते ना दादा, पण मधात निंब आहे." त्या 'मधात निंब आहे' मध्ये सगळं आलं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत कडुलिंबाच्या फांद्यांतून पलीकडचं आरपार दिसतं, लिंक लागते, सगळे खूश. पालवी फुटली आणि पुढे पावसात पानं ओली झाली की तीच लिंक झोपते. ओलं पान म्हणजे पाण्याचा पडदा. झाड मध्ये असेल तर ते भरगच्च पानांचं आहे असं समजूनच ठरवा.

आणखी एक गोष्ट बघा, जी सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या आणि टॉवरच्या मधल्या घरांच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया वर निघालेल्या आहेत का? गंजलेल्या, वाकवून ठेवलेल्या सळया म्हणजे त्या घराला अजून एक मजला चढायचा आहे. मधला मोकळा प्लॉट तसाच. बेसा-बेलतरोडीकडे दोन वर्षांत आकाशाची रेषा बदलते. आज दिसणारा टॉवर उद्या समोरच्या फ्लॅट स्कीममागे जाऊ शकतो. अशा ठिकाणी वर्षभराचे पैसे एकदम भरू नका.

नुसतं दिसणं पुरत नाही

हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळ्यात जास्त लिंका इथेच फसतात. रेडिओची लहर सुतासारखी सरळ जात नाही, मधोमध फुगलेल्या भोपळ्यासारखी जागा व्यापते. त्या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून. नजरेची रेषा मोकळी असली पण हा भोपळा खाली एखाद्या स्लॅबला किंवा पाण्याच्या टाकीला घासत असला, तरी सिग्नल पडतो.

हिशोब सोपा आहे. अंतराला किलोमीटरमध्ये घ्या, त्याला वारंवारतेनं, म्हणजे आपल्या बाबतीत ५.८ गीगाहर्ट्झनं, भागा, वर्गमूळ काढा आणि ८.६६ नं गुणा. मधोमध भोपळ्याची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. ही मोकळी जागा येते अर्ध्या किलोमीटरला दीड मीटर, दोन किलोमीटरला तीन मीटर, पाच किलोमीटरला जवळजवळ पाच मीटर. म्हणजे दोन किलोमीटरच्या लिंकमध्ये मधल्या सगळ्यात उंच घराच्या वर एका मजल्याएवढी हवा मोकळी पाहिजे. ती नसेल तर पाइप उंच करा. पाइप किती उंच करता येईल यालाही मर्यादा आहे, ते पुढे येईलच.

पावसात जातं का?

प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, कारण टीव्हीची छत्री पावसात दगा देते हे घरोघरी माहीत आहे. ती छत्री ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून १०-१२ गीगाहर्ट्झवर सिग्नल घेते. आपली लिंक दोन-तीन किलोमीटरची आणि ५ गीगाहर्ट्झची. अगदी धो-धो पावसातही किलोमीटरमागे साधारण एका डीबीच्या आसपास नुकसान होतं (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला-वाढला ते मोजायचं माप), ते लक्षातही येत नाही. ५जी चा नेहमीचा ३.३ गीगाहर्ट्झचा पट्टा तर त्याहूनही निर्धास्त. मात्र २६ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावरची जोडणी असेल तर तोच पाऊस किलोमीटरमागे दहा डीबीच्या वर खातो, तिथे पावसाची भीती खरी आहे.

मग जूनमध्ये इतक्या लिंका का जातात? पाणी कनेक्टरमध्ये शिरतं म्हणून. वादळात पाइप फिरतो म्हणून. झाडं ओली होतात म्हणून. आणि वीज जाते म्हणून. यातलं झाड सोडलं तर बाकी सगळं चांगल्या कामानं टाळता येतं.

पैसे भरण्याआधी विचारा

महिन्याला किती डेटानंतर वेग कमी होतो? हवेच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ही मर्यादा १ टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या, आसपास असते, फायबरला ती ३.३ टीबीपर्यंत मिळते. घरात दोन टीव्ही रात्रंदिवस चालत असतील तर हा फरक महिनाअखेरीस टोचतो. वर जाणारा वेग किती? क्लिनिक, स्टुडिओ, ट्यूशनवाल्यांनी हा प्रश्न नक्की विचारावा, कारण जाहिरातीत फक्त खाली येणाराच असतो. डबा कोणाच्या मालकीचा, जोडणी सोडली तर तो परत कोण काढणार, बसवण्याचे पैसे परत मिळतात का?

सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुमचा असा पत्ता, मिळतो का ते विचारा. हवेच्या जोडण्यांमध्ये बहुतेक वेळा बरेच ग्राहक एका आयपीमागे असतात. कॅमेऱ्याचं स्वतःचं अ‍ॅप त्यातून वाट काढतं, पण जुन्या पद्धतीनं राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून बघणाऱ्यांचं काम अडतं. इतवारीतल्या एका दुकानदाराचा अख्खा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, याच कारणानं बदलावा लागला.

बसवणं

फ्लॅट स्कीममध्ये असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. सोनेगाव विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे वर्धा रोड, सोमलवाडा, मनीष नगर, जयताळा या बाजूंना इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. बांधकाम मंजुरीच्या कागदावर कमाल उंची लिहिलेली असते. साधा आठ-दहा फुटांचा पाइप वेगळा आणि उंच मनोरा वेगळा, पण कागद बघितल्याशिवाय कोणताच उभा करू नका. आणि विजेची तार. पाइप आडवा पडला तर तारेला लागेल अशा जागी तो कधीही उभा करायचा नाही, मग सिग्नल कितीही चांगला येवो.

पाइप दीड ते दोन इंची जीआय घ्या. त्याला भिंतीत दोन क्लॅम्प हवेत, वर आणि खाली, मध्ये निदान दोन फूट अंतर ठेवून. एकाच क्लॅम्पवरचा पाइप पहिल्या वळवाच्या वादळात फिरतो. सहा फुटांच्या वर गेलात तर तीन बाजूंनी तार ओढून घ्या. पाण्याच्या टाकीच्या स्टँडला बांधू नका, टाकी भरते-रिकामी होते तसा तो दबतो. कूलरच्या स्टँडला तर मुळीच नको. कूलरचा पंखा दिवसभर थरथरत असतो आणि नटबोल्ट हळूहळू ढिले होतात.

केबलमध्ये पैसे वाचवू नका. बाहेरच्या वापराची, उन्हाला टिकणारी काळी कॅट सिक्स, आणि तार पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. गच्चीवरच्या डब्याला वीज त्याच केबलमधून जाते, त्यामुळे हलक्या केबलीत डबा मध्येच बंद पडून सुरू होत राहतो आणि दोष कळता कळत नाही. ओळखायची रीत सोपी: तारेचं टोक ब्लेडनं खरवडा, आतून पांढरट चांदी दिसली तर परत करा. लांबी कुठल्याही परिस्थितीत १०० मीटरच्या आत ठेवा.

केबल डब्यात खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला एक झोळीसारखा वळसा द्या, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी टपकून जाईल. हा वळसा न दिल्यानं माझं एक अ‍ॅडॉप्टर जळालं आहे. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं, केबलच्या आवरणाच्या आतून तीन मजले खाली उतरलं आणि हॉलमधल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पोहोचलं. उघडलं तेव्हा आत पाणी डुलत होतं. अ‍ॅडॉप्टर नेहमी घरात, सावलीत, जमिनीपासून वर ठेवा. डबा ऊन सोसायला बनवलेला असतो, अ‍ॅडॉप्टर नाही. गच्चीवर पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं अ‍ॅडॉप्टर मे महिना काढत नाही.

केबल बांधायला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरू नका, एका उन्हाळ्यात त्या बोटानं तुटतात. उन्हासाठीच्या काळ्या पट्ट्या घ्या. सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरीकडे राहत असाल तर केबल पाइपातूनच न्या. वानरं लोंबकळत्या केबलीला झोका समजतात.

अर्थिंग हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. विदर्भात वळवाच्या आणि सुरुवातीच्या पावसात विजा खूप पडतात. लोखंडी पाइप जाड तांब्याच्या तारेनं इमारतीच्या अर्थिंगला जोडा, केबल घरात शिरते तिथे नेटवर्कचा सर्ज प्रोटेक्टर लावा आणि तोही अर्थ करा. थेट वीज पडली तर यातलं काही वाचवणार नाही. पण नुकसान बहुतेक वेळा जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यानं होतं, आणि तो झटका हे अडवतं. आभाळ गडगडायला लागलं की गच्चीवर जायचं नाही, हे घरातल्या उत्साही पोरांना आधीच सांगून ठेवा.

दिशा लावणं

५जी च्या डब्याला कंपनीचा माणूस दिशा लावून देतो. तुम्ही फक्त आपल्या वहीतला सगळ्यात चांगला कोपरा त्याला दाखवा आणि तिथेच बसवायचा आग्रह धरा, भले केबल थोडी जास्त लागो.

रेडिओ लिंकची दिशा मात्र हळूहळू, चुकत-माकत हाताला सापडते. बेस्यातल्या माझ्या गच्चीवरून मनीष नगरच्या मामेभावाच्या क्लिनिकपर्यंत आम्ही लिंक लावली, अंतर सुमारे दोन किलोमीटर. दोघांचे फोन स्पीकरवर, दोघांकडे एक-एक पाना. नियम एकच: एका वेळी एकानंच हलवायचं, दुसऱ्यानं हात खिशात ठेवायचे. आधी आडवं, केसभर हलवायचं आणि आकडा स्थिर व्हायला पाच सेकंद थांबायचं. "उणे ८१... ७८... ७४... आता परत ७९." म्हणजे ७४ हे शिखर, असं समजून आम्ही नट आवळले. लिंक सुरू झाली, पण रडतखडत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो आणि या वेळी ७४ च्या पुढेही फिरवत राहिलो. आकडा ८५ पर्यंत पडला, मग चढायला लागला, आणि उणे ५५ वर जाऊन थांबला.

झालं असं होतं की अँटेनाला एक मुख्य झोत असतो आणि त्याच्या बाजूला लहान-लहान उपझोत असतात. आम्ही उपझोतावर बसलो होतो. फरक १९ डीबीचा. दर तीन डीबीला शक्ती दुप्पट होते, म्हणजे आम्ही जवळजवळ ऐंशीपट शक्ती वाया घालवत होतो. म्हणून शिखर सापडलं असं वाटलं तरी दोन्ही बाजूंना बरंच पुढे जाऊन बघाच. आडवं झालं की उभं, मग दुसरं टोक, मग पुन्हा पहिलं. उणे ५० ते ६० च्या दरम्यान आलं की थांबा. नट आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका, दोन्ही आळीपाळीनं थोडे-थोडे, आकड्याकडे डोळा ठेवून. झाल्यावर पाइपावर आणि क्लॅम्पवर मार्करनं एक सरळ रेघ मारा. वादळानंतर ती रेघ जुळते का बघितलं की दिशा हलली का ते खालूनच कळतं.

सिग्नल चांगला आणि तरी वेग नाही, असं झालं तर गोंगाट बघा. धरमपेठ, सीताबर्डी, इतवारीसारख्या दाट भागात घरोघरचे वायफायही याच ५ गीगाहर्ट्झमध्ये ओरडत असतात. अशा वेळी रेडिओच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी, म्हणजे लिंक पट्ट्यातली किती जागा वापरते ती, ८० मेगाहर्ट्झवरून ४० किंवा २० वर आणा. कागदावरचा वेग कमी दिसेल, पण हातात येणारा स्थिर होईल. तसंही रेडिओ स्वतःचा जो वेग दाखवतो त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्तच प्रत्यक्षात मिळतं, कारण तो एका वेळी एकतर बोलतो किंवा ऐकतो.

पहिले सात दिवस

वेग तपासताना लॅपटॉप वायरनं जोडा, वायफायवर नको. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला तपासून लिहून ठेवा. पण वेगापेक्षा महत्त्वाचं आहे ते पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवणं आणि त्यांना लागणारा उशीर. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, तासभर चालू ठेवा. चांगल्या ५जी जोडणीत हा उशीर साधारण १५ ते ४० मिलिसेकंदांत असतो, रेडिओ लिंक स्वतः त्यात दोन-पाच मिलिसेकंदच घालते. हवेतून म्हणजे सावकाश, हा समज चुकीचा आहे. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, हवेत लहर तीन लाख. उशीर होतो तो रांगेत, गर्दीच्या टॉवरवर. शंभरात एखादंही पॅकेट सतत हरवत असेल तर व्हिडिओ कॉल तुटणार. पहिल्याच आठवड्यात तक्रार करा, तेव्हा माणूस परत गच्चीवर चढतो. महिन्यानंतर फोनवरच समजूत घालतात.

स्वतःची लिंक टाकायची असेल तर

ऑक्टोबर २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला. त्यामुळे आपल्या दोन इमारतींमध्ये लिंक टाकायला वेगळा परवाना लागत नाही. पण शक्तीची मर्यादा आहे, आणि उपकरणाला भारतातली मंजुरी, ज्याला ईटीए म्हणतात, असली पाहिजे. विक्रेत्याला ती विचारा. उपकरणाच्या सेटिंगमध्ये देश 'भारत' ठेवा. काही पोरं दुसरा देश निवडून शक्ती वाढवतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय सगळ्या मोहल्ल्याचा गोंगाट वाढतो आणि शेवटी आपलीही लिंक त्यात बुडते.

त्या लिंकवरून शेजाऱ्यांना पैसे घेऊन इंटरनेट देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला परवाना लागतो. छोट्या दुकानातून लोकांना वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे, तिची रीतसर वाट धरा.

नागपूरच्या हवामानाप्रमाणे

संक्रांतीनंतर, १६ जानेवारीच्या सुमारास, एकदा वर चढा. डब्याला आणि तारांना मांजा गुंडाळलेला सापडेलच. नायलॉनचा मांजा बंदी असूनही उडतोच. तो कुजत नाही आणि वाऱ्यावर घासून केबलचं आवरण कापत राहतो. कात्रीनं कापून काढा, ओढू नका. ओढलं की दिशा हलते. एप्रिलमध्ये डब्याच्या मागे गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना ते लांबून बघा. मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, कनेक्टरवरची रबर टेप, अर्थिंगची गाठ, नट आणि ती मार्करची रेघ तपासा. गच्चीवरच्या डब्याचं अ‍ॅडॉप्टर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असू द्या. नुसता राउटर इन्व्हर्टरवर ठेवून 'वीज गेली की नेट जातं' म्हणणारे बरेच भेटतात.

बिघाड झाला तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. त्या वेळी तुमच्या वहीतले तारीख-वेळेचे आकडे कामाला येतात.

आणि राखीव म्हणून ही जोडणी घेतली असेल तर दोन इंटरनेट लावता येतात असा राउटर घ्या, जो एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर जातो. मग दर महिन्याच्या एक तारखेला फायबरची वायर स्वतःच्या हातानं काढा आणि दहा मिनिटं तसंच काम करून बघा. माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात ते चाललं नाही. गच्चीवर जाऊन पाहिलं तर समोरच्या सळयांवर शटरिंग चढलं होतं.